महिन्याचे पैसे एकदाच, ठरलेल्या तारखेला

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ह्यांचं कराडमध्ये हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. खोलीचं भाडं ५,५०० रुपये हे परस्पर मालकांना पाठवतात. बाकीचे पैसे तो मागेल तसे मी पाठवते. गेल्या महिन्यात मोजलं तर सतरा वेळा पाठवले होते, एकूण १४,३५० रुपये. तरी पुरत नाहीत. मागच्या आठवड्यात एका अ‍ॅपवाल्याचा मला फोन आला, तेव्हा कळलं की त्यानं ५,००० रुपयांचं कर्ज घेतलंय. हे म्हणतात, सगळं बंद कर, आम्ही एसटीनं येणाऱ्या डब्यावर शिकलो. सासूबाई गुपचूप शेजारच्या मुलाकडून त्याला पैसे पाठवायला लावतात. खरं सांगायचं तर मीही ह्यांना न सांगता पाठवते. मुलगा वाईट नाही. विचारलं तेव्हा त्यानं स्वतःच बँकेच्या स्टेटमेंटची पीडीएफ काढून दिली, ती सोबत जोडते आहे. किती पैसे द्यावेत? नोकरी लागेपर्यंत असंच चालायचं का? धाकटी अकरावीत आहे, तिच्या बाबतीत तरी चूक होऊ नये.

उत्तर:

ताई,

किती द्यायचे ते पुढे सांगतो, पण आधी कर्जाचं बघा. ते रोज वाढतं आहे.

तुम्ही पाठवलेल्या तपशिलानुसार त्यानं ५,००० मागितले. प्रक्रिया शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० कापून हातात पडले ४,४१०. तीस दिवसांनी फेडायचे आहेत ५,१५०. अ‍ॅपवर व्याज ‘महिना फक्त ३ टक्के’ असं दिसतं. प्रत्यक्षात ४,४१० रुपये महिनाभर वापरायला त्याला ७४० रुपये पडले, म्हणजे महिन्याला पावणेसतरा टक्के आणि वर्षाला दोनशे टक्क्यांच्या घरात. हा हिशेब तुम्ही करून दाखवू नका. कागद त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच भागाकार करू द्या. इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, आकडा समोर आला की तुम्हाला वेगळं रागवावं लागणार नाही.

कर्ज याच आठवड्यात फेडा. पैसे तुम्ही त्याच्या खात्यात टाका आणि भरणा त्याला त्याच्या हातानं करू द्या. फोन करणाऱ्या माणसानं पाठवलेल्या क्यूआर कोडवर भरू नका. अ‍ॅपमध्ये ज्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं कर्ज म्हणून नाव आहे, तिच्याच खात्यात भरायचं. त्यानंतर कर्ज बंद झाल्याचं पत्र (एनओसी) ईमेलवर मागवायचं आणि मगच अ‍ॅप काढून टाकायचं. पुष्कळ मुलं आधी अ‍ॅप काढतात आणि पन्नास-शंभर रुपये बाकी राहिलेलं त्यांना वर्षभरानं कळतं. महिना-दीड महिन्यानं सिबिलचा (कर्जाच्या नोंदींचा) अहवाल काढून खातं ‘बंद’ दिसतंय का ते तपासा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधली संपर्कयादी आणि फोटो उघडता येत नाहीत, आणि वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. मुलानं तुमचा नंबर अर्जात स्वतः दिला असेल तर गोष्ट वेगळी. दिला नसेल, तर त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. अ‍ॅपमागे कोणतीच नोंदणीकृत संस्था दिसत नसेल किंवा धमक्या येत असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

हे ५,१५० रुपये बक्षीस समजू नका, उचल समजा. दरमहा ५१५ प्रमाणे दहा महिने, बिनव्याजी. कापायला सुरुवात मात्र चौथ्या महिन्यापासून करा, का ते पुढे येईल.

आता स्टेटमेंट. बेरीज केली ती अशी: मेस ३,२००, प्रवास ९००, झेरॉक्स-जर्नल-स्टेशनरी ६५०, बाहेरचं खाणं ५,४५०, तीन अ‍ॅपची वर्गणी ४४७, ऑनलाइन खरेदी १,९०० आणि मित्रांना पाठवलेले १,८०३. तुमच्या १४,३५० चा असा हिशेब लागतो. कुठे काही लपवलेलं दिसत नाही. त्यानं पीडीएफ आपणहून दिली ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. त्यातल्या एखाद्या पिझ्झ्यावरून तुम्ही त्याला बोललात, तर पुढची पीडीएफ येणार नाही.

बाहेरच्या खाण्यात डोकावलं तर ऑर्डर सव्वीस आहेत, सरासरी दोनशे दहाची एक. त्यातल्या चार रविवार संध्याकाळच्या. त्या माफ करा, पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंदच असतात. पण चौदा ऑर्डर कामाच्या दिवशी दुपारी दीड ते अडीच या वेळेतल्या आहेत. म्हणजे मेसचे पैसे भरलेले असताना तो चौदा दुपारी बाहेर जेवला. दोन वेळची मेस ३,२००, चार रविवार संध्याकाळ वगळून छप्पन्न जेवणं, म्हणजे ताटाला ५७ रुपये. चौदा ताटांचे आठशे रुपये न खाता गेले. ही चैन वाटत नाही. प्रॅक्टिकल संपेपर्यंत मेस बंद होत असावी किंवा कॉलेज मेसपासून लांब असावं. त्याला विचारा. एक वेळची मेस आणि दुपारी कॉलेजच्या कँटीनची थाळी, असा हिशेब मांडायला सांगा. एक वेळचा दर सहसा दोन वेळच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो, त्यामुळे फायदा आहे की नाही ते आकडे मांडूनच कळेल. शिवाय मेसवाल्यांचे खाड्यांचे नियम विचारून घ्यायला सांगा. किती सलग दिवसांचे खाडे धरतात आणि आधी किती दिवस सांगावं लागतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आणि दिवाळीला घरी येताना बहुतेक मुलं सांगायला विसरतात.

मित्रांना गेलेले १,८०३ अकरा वेळा गेलेत आणि परत आलेत फक्त २४०. हा सगळ्यांचं बिल भरतो आणि मागायला लाजतो, असं दिसतं. अशी मुलं प्रत्येक हॉस्टेलवर असतात आणि महिनाअखेरीला कर्जही तीच काढतात. उपाय साधा आहे: टेबलावरून उठायच्या आधीच प्रत्येकानं आपला वाटा पाठवायचा. ‘नंतर देतो’ म्हटलेले पैसे महिनाअखेरीपर्यंत कुणालाच आठवत नाहीत.

वर्गण्यांचे ४४७ म्हणजे दरमहा १४९ च्या तीन वर्गण्या, तिन्ही ऑटोपेवर. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन नको असलेली बंद करता येते. पैसे कापायच्या चोवीस तास आधी संदेश येतो, तो तो वाचत नसणार.

आता मूळ दुखणं. हे सगळे खर्च एकेकटे पाहिले तर डोळे फिरावेत असं काही नाही. बिघाड सतरा या आकड्यात आहे. महिन्यात सतरा वेळा मागितलं आणि सतरा वेळा मिळालं, म्हणजे त्याचे पैसे एकदाही संपले नाहीत. ज्याचे पैसे कधी संपतच नाहीत, त्याला पंधरा तारखेला थांबायचं कारण काय? तुमच्या यजमानांचं ‘आम्ही डब्यावर शिकलो’ हे खरंच आहे. पण त्यांच्या वेळी खिशातल्या नोटा कमी होताना दिसायच्या आणि घरी पत्र पोहोचून मनीऑर्डर यायला आठवडा लागायचा. त्या आठवड्यानं त्यांना काटकसर शिकवली. तुमच्या मुलाला पैसे चाळीस सेकंदांत मिळतात. त्यामुळे रक्कम कमी करण्याआधी ही चाळीस सेकंदांची वाट बंद करायला हवी. रक्कम थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल, तारीख मात्र हलता कामा नये.

रक्कम अशी धरा. मेस ३,२००. रविवारच्या संध्याकाळी ७००. चहा-नाष्टा रोजचे चाळीस प्रमाणे १,२००. प्रवास ९००. झेरॉक्स, जर्नल ५००. मोबाइल ३००, रिचार्ज तीन महिन्यांचा असला तरी महिन्याचा वाटा धरायचा. साबण, कटिंग, इस्त्री, कपडे धुणं ६००. त्याच्या मर्जीचे १,५००, ज्याचा हिशेब तुम्ही विचारायचा नाही. आणि ६०० बाजूला टाकायचे: कपडे, बूट, घरी यायचं-जायचं भाडं, मित्राच्या बहिणीचं लग्न. बेरीज ९,५०० होते. भाडं आणि कॉलेजची फी तुमच्याकडेच राहू द्या.

१४,३५० वरून एकदम ९,५०० वर आणू नका. घाईत असलेली घरं हीच चूक करतात. तिसरा हिस्सा एका झटक्यात कापला की मुलाचा खर्च त्याच महिन्यात बसत नाही, आणि तो दुसऱ्या अ‍ॅपकडे वळतो. पहिल्या महिन्यात ११,५००, दुसऱ्यात १०,५००, तिसऱ्यात ९,५०० करा. चौथ्यापासून उचलीचे ५१५ वजा करून ८,९८५. हा आराखडा चौघांनी बसून ठरवा आणि एका कागदावर लिहा. ९,५०० मधला कुठला आकडा त्याला पटत नसेल तर त्यानं तो बदलावा, पण बेरीज तीच ठेवून.

तारीख १ ठेवा, कारण मेसचे पैसे आगाऊ भरायचे असतात. तुमचा पगार कधी वेळेवर होतो, कधी दहा-बारा तारखेपर्यंत लांबतो. त्याच्या तारखेवर त्याचा परिणाम होऊ देऊ नका. एका महिन्याची रक्कम तुमच्या खात्यात आधीच बाजूला ठेवा आणि बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन टाका. ती एकदा दिली की पैसे तुमच्या हातानं जात नाहीत, बँक पाठवते, आणि ‘आई, आजच पाठव ना’ हा फोन उरत नाही. सुट्टीच्या दिवशी १ तारीख आली तर तुमची बँक आधी पाठवते की नंतर, तेवढं विचारून ठेवा.

पूर्ण महिन्याची रक्कम एकदम दिली आणि दहा तारखेलाच संपली, असं पहिल्या खेपेला होऊ शकतं. म्हणून पहिले तीन महिने दोन हप्ते करा. १ तारखेला मेस, प्रवास, मोबाइल आणि बाकीचं निम्मं. १६ तारखेला उरलेलं निम्मं. चौथ्या महिन्यापासून एकच हप्ता.

त्याच्या बाजूनं दोन खाती असावीत. एकात तुमचे पैसे येतील. त्याला यूपीआय जोडायचं नाही आणि कार्ड कपाटात ठेवायचं. दुसरं खर्चाचं. दर सोमवारी पहिल्यातून दुसऱ्यात आठवड्याचे पैसे टाकायचे. तिसऱ्या महिन्याच्या ९,५०० मधून मेस, मोबाइल आणि बाजूचे सहाशे काढले की ५,४०० उरतात, म्हणजे आठवड्याला साधारण साडेबाराशे. शनिवारी खर्चाच्या खात्यात दोनशे दिसले तर रविवारच्या संध्याकाळी काय खायचं हे कुणी सांगावं लागत नाही. चहा-वडापावसाठी यूपीआय लाइट सोयीचं आहे. त्यात एका वेळी ५,००० पर्यंतच ठेवता येतात आणि एक व्यवहार १,००० पर्यंतचा. मात्र लाइटमधला प्रत्येक व्यवहार पासबुकात उमटत नाही, फक्त भरणा दिसतो. म्हणून आठवड्याला ३०० पेक्षा जास्त त्यात भरू नये, नाहीतर महिनाअखेर ‘पैसे गेले कुठे’ ते शोधायला काही हाती लागत नाही.

दुसरं खातं उघडताना तीन ठिकाणी मुलं अडकतात. एक, किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड. शून्य शिल्लकीचंच खातं मागावं. दोन, बँकेचं मूलभूत बचत खातं (बीएसबीडी) घेतलं तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून ते वेगळ्या बँकेत काढावं. तीन, आधार. नव्या बँकेनं आधार सीडिंगचा (खातं आधारशी जोडण्याचा) फॉर्म पुढे केला आणि त्यानं सही केली, तर महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती त्या नव्या खात्यात जायला लागते, कारण थेट लाभ आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतो. शिष्यवृत्ती ‘आलीच नाही’ म्हणून कॉलेजच्या खिडकीवर खेटे घालणाऱ्या मुलांमध्ये अशीही काही असतात.

तुम्हाला कुणीतरी यूपीआय सर्कल सुचवेल. त्यात तुमच्या खात्यातून मुलगा खर्च करतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ही मर्यादा, किंवा प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी. सोय चांगली आहे, पण वृद्ध आईवडिलांसाठी. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी ती उलटी पडते. पैसे तुमच्या खात्यातले, प्रत्येक खर्चाचा संदेश तुमच्या फोनवर, आणि उरलेले तुमचेच. मग वाचवून त्याला काय मिळालं? उरलेले पैसे त्याच्याच खात्यात राहायला हवेत आणि ‘उरले ना, मग पुढच्या महिन्यात कमी पाठवते’ असं चुकूनही म्हणू नका.

आता २२ तारखेचा फोन. तो येणारच, बहुधा दुसऱ्या महिन्यात. त्या दिवशी काय बोलायचं हे आजच ठरवून ठेवा. मेस भरलेली आहे, खोलीचं भाडं गेलेलं आहे, मोबाइल चालू आहे. तो उपाशी नाही. संपले आहेत ते वरखर्चाचे पैसे. तेव्हा एकच वाक्य: “एक तारखेला येतील.” रागावून नाही, उपदेश न करता, नेहमीच्या आवाजात. आणि मग त्याच्या परीक्षेबद्दल बोला. ही अडचण आत्ता नऊ दिवसांची आहे. हीच पंचविसाव्या वर्षी आली तर तिच्यामागे घरभाडं आणि कार्डाचा हप्ता असेल.

एक सवलत ठेवा: सेमिस्टरमध्ये एकदाच, ५०० रुपयांपर्यंत उचल, पुढच्या महिन्यात वळती. आणि ज्यासाठी तारीख थांबणार नाही अशा गोष्टींची यादी आधीच लिहा: डॉक्टर आणि औषधं, बंद पडलेला लॅपटॉप, विद्यापीठाची परीक्षा फी, घरी तातडीनं येणं. हे पैसे शक्यतो परस्पर दवाखान्याला, दुकानाला किंवा कॉलेजला द्या. यादीत नसलेली कुठलीही गोष्ट, ती कितीही तातडीची वाटली तरी, १ तारखेपर्यंत थांबते. ट्रिप, वाढदिवस, फेस्ट या सगळ्यांच्या तारखा आधी माहीत असतात.

हा बेत मोडेल तो मुलाकडून नव्हे, घरातूनच. तुम्ही यजमानांना न सांगता पाठवता, सासूबाई तुम्हाला न सांगता. २२ तारखेला तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि २३ ला आजीचे सातशे पोहोचले, तर मुलगा एकच गोष्ट शिकेल: कुणाकडे आधी मागायचं. आजीला दुखवायचं कारण नाही. नातू घरी आला की त्याच्या हातावर नोट ठेवणं हा त्यांचा हक्क आहे, दिवाळी-पाडव्याला तर आहेच. बंद करायचं ते फक्त शेजारच्या मुलाच्या फोनवरून पाठवणं. हे त्यांना त्यांच्या मुलानं सांगावं, सुनेनं नाही. आणि तुमचं स्वतःचं गुपचूप पाठवणं थांबलं की यजमानांच्या ‘सगळं बंद कर’चाही सूर उतरेल, त्यांचा निम्मा राग न सांगण्याचा असणार.

कमाईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या वर्षात ती सुरू होऊ शकते. तुमच्या कराड तालुक्यातल्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट महाराष्ट्राला दाखवली. पुणे विद्यापीठाची त्यांच्याच नावाची योजना संलग्न कॉलेजांमध्ये चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालयातलं काम असतं, तासावर मानधन मिळतं. त्याच्या कॉलेजात ती आहे का, ते विद्यार्थी विकास विभागात सत्राच्या सुरुवातीलाच विचारायला सांगा. अर्ज तेव्हाच घेतात. नाहीतर आठवी ते दहावीच्या दोन-तीन मुलांची गणिताची शिकवणी. आठवड्याला आठ-दहा तासांच्या वर नको आणि विषय मागे राहिलेले असतील तर ते सुटेपर्यंत अजिबात नको. रात्री बारापर्यंतच्या डिलिव्हरीच्या कामाला आमचा विरोध आहे. त्यात कमीपणा काहीच नाही, पण सकाळची लेक्चरं बुडतात आणि अपघाताची जोखीम आहे.

तो कमवायला लागला की तुमची रक्कम तेवढी कमी करायचा मोह होईल. करू नका. दोन हजार मिळवले आणि घरून दोन हजार कमी आले, तर तो एकतर काम सोडेल किंवा तुमच्यापासून लपवेल. कमाई पूर्ण त्याची. त्यातून उचल लवकर फेडली तर उत्तम.

झटपट कमाईच्या दोन वाटांबद्दल त्याच्याशी स्पष्ट बोला, कारण हॉस्टेलवर त्या बोलल्या जातातच. पहिली एफ अँड ओ ट्रेडिंगची, म्हणजे शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांची. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. दुसरी जास्त वाईट: ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.’ सायबर भामटे लुबाडलेले पैसे अशा विद्यार्थ्यांच्या खात्यांतून फिरवतात. मग खातं गोठतं, पोलिसांची नोटीस खातेदाराला येते, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे फारसं चालत नाही. खातं, एटीएम कार्ड, सिमकार्ड मित्रालाही द्यायचं नाही. कार्ड देणारा मुलगा बहुतेक वेळा पैशांच्या तंगीतलाच असतो, म्हणून ही गोष्ट कर्जाच्या गोष्टीसोबतच बोला.

‘नोकरी लागेपर्यंत असंच का?’ तर नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला महिन्याऐवजी तीन महिन्यांचे पैसे एकदम द्या. मेस भरायची, रिचार्ज करायचा, दिवाळीचं एसटीचं आरक्षण करायचं, सगळं त्यानं बघायचं. आमच्या मते खरी परीक्षा इथेच होते. महिना कसाही ढकलता येतो, पण पहिल्या आठवड्यात खात्यात अठ्ठावीस हजार दिसत असताना बाराव्या आठवड्याची मेस आठवणं अवघड आहे. जमलं नाही तर न बोलता पुन्हा महिन्यावर या आणि पुढच्या सत्रात परत करून बघा. शेवटच्या वर्षी खोलीचं भाडंही त्याच्याच खात्यातून जाऊ द्या. डिपॉझिट परत मिळवायची खटपटही त्यानंच करावी. ‘रंगाचे पैसे कापले’ हा वाद एकदा स्वतः घातला की पुढच्या घराचा करार माणूस वाचून सही करतो.

नोकरी लागली की त्याच महिन्यात पैसे थांबवू नका. महिन्याच्या मध्यात रुजू झालं तर पहिला पगार अनेकदा पुढच्या महिन्याच्या अखेरीस होतो, आणि नव्या शहरात आधी डिपॉझिट मागतात. जाताना दोन महिन्यांचे पैसे एकरकमी द्या आणि ते शेवटचे असं सांगून द्या. दुसऱ्या पगारापासून स्टँडिंग इन्स्ट्रक्शन उलट्या दिशेनं सुरू होऊ द्या, त्याच्याकडून घराकडे, भले दोन हजाराची. तुम्हाला गरज नसेल तर त्या पैशांची त्याच्या नावानं आवर्ती ठेव (आरडी) काढा, पण दोन वर्षं त्याला सांगू नका.

धाकटीचं सोपं आहे, कारण तिच्याबाबतीत अजून काही बिघडलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलांना बँकेनं ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, तेव्हा तिचं वेगळं खातं काढा. दरमहा १ तारखेला हजार रुपये द्या. त्यात तिचा रिचार्ज, वह्या-पेनं, क्लासला जायची रिक्षा आणि मैत्रिणींचे वाढदिवस. आणि दादाला ज्या दिवशी १६ तारखेचा हप्ता जातो, त्या दिवशी तिला काही जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिला फोन तिचाच येईल.